ट्रेलर-उत्थापन
स्वतःचे एंजिन नसलेल्या आणि दुसऱ्या वाहनाने ओढल्या जाणाऱ्या गाडीस ट्रेलर म्हणतात. तिचे चाक किंवा टायर बदलण्यासाठी गाडीची एक बाजू जमिनीपासून उचलून स्थिर ठेवण्याची क्रिया म्हणजे ट्रेलर-उत्थापन होय. या क्रियेचे दोन भाग पडतात : भार उचलणे आणि उचललेला भार धरून ठेवणे. पहिले काम जॅकचे, तर दुसरे टेकूचे असते. ही दोन कामे प्रारंभी वेगवेगळी होती, पुढे ती एकाच साधनात एकवटली आणि द्रवीय जॅक आल्यावर ती पुन्हा वेगळी करणे आवश्यक झाले. या घडामोडींचा इतिहास ध्यानात घेतला, म्हणजे आजच्या अनेक अपघातांचे मूळ कारण स्पष्ट होते.

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) शहरातून दौलताबाद, खुलदाबाद व वेरूळ यांकडे जाणारा मार्ग शहराच्या पश्चिमेकडील पडेगाववरून जातो. मराठवाड्यातील अशा मार्गांवर बैलगाडी, बस, मालमोटार आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या क्रमाने वाहने येत गेली. यूरोप-अमेरिकेत प्रवासी ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडलेले फिरते घर, सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात मात्र ट्रेलर म्हणजे प्रामुख्याने शेतमालाची, विशेषतः उसाची, ट्रॉली होय. दोहोंचे चाक उचलण्यातील अडचणी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत.

बैलगाडीचा काळ : लोखंडी धाव चढविलेले लाकडी चाक वंगण घालण्यासाठी किंवा सैल झालेली धाव पुन्हा बसविण्यासाठी काढावे लागे. बैल सोडून गाडी रिकामी करीत. नंतर लांब वासा किंवा पहार दगडावर टेकवून तरफेने आसाची बाजू वर उचलली जाई. त्याच वेळी दुसरा माणूस आसाखाली लाकडी टेकू सरकवी. मगच आसाच्या टोकातील खीळ काढून चाक बाहेर ओढीत. तरफ धरून ठेवणारा माणूस थकतो, हे उघड दिसत असल्यामुळे टेकूवाचून काम करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. उचलणे व धरून ठेवणे ही कामे येथे दोन वेगळ्या साधनांकडे होती.

स्क्रू-जॅक : अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इ. स. पहिल्या शतकात तरफ, कप्पी, पाचर व रहाट यांबरोबरच स्क्रूची गणना साध्या यंत्रांत केली. तेराव्या शतकातील फ्रेंच रेखाटनकार व्हीयार द ऑनकूर याच्या वहीत भार उचलणाऱ्या स्क्रू-यंत्राचे चित्र आढळते. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यानेही स्क्रू-जॅकची रेखाटने केली. स्क्रूच्या आट्यांचा उतार पुरेसा कमी असल्यास घर्षणामुळे भार आपोआप खाली येत नाही. हात सोडला तरी स्क्रू जागच्या जागी राहतो. त्यामुळे उचलणे व धरून ठेवणे ही दोन्ही कामे प्रथमच एका साधनात एकत्र आली. मात्र घर्षणात बरेच श्रम वाया जात असल्याने हे साधन मंदगती होते.

द्रवीय जॅक : बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल (१६२३–६२) याने मांडले. त्यावर आधारलेल्या द्रवीय दाबयंत्राचे एकस्व इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) यास १७९५ मध्ये मिळाले. अमेरिकेतील रिचर्ड डजन याने १८५१ मध्ये सुवाह्य द्रवीय जॅकचे एकस्व घेतले. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी., मोठ्याचे १० चौ. सेंमी. आणि तरफेचा यांत्रिक लाभ २० असल्यास, घर्षण दुर्लक्षिता, १० किग्रॅ. जोराने २,००० किग्रॅ. भार उचलता येतो. पण या सुलभतेबरोबर स्क्रूचा एक गुण हरपला. येथे भार घर्षणावर नव्हे, तर झडप व रबरी कडी यांनी कोंडलेल्या तेलावर तोललेला असतो. झडपेत कचरा अडकला किंवा कडी झिजली, तर भार हळूहळू वा एकाएकी खाली येतो. बैलगाडीच्या काळातील टेकू त्यामुळे पुन्हा अनिवार्य ठरला. तथापि स्क्रू-जॅकच्या काळात लागलेली केवळ जॅकवर विसंबण्याची सवय टिकून राहिली.

हवेचे टायर : लोखंडी धाव पंक्चर होत नाही. हवेच्या टायरामुळे चाक वाटेतच, मिळेल त्या जागी उचलण्याची गरज उत्पन्न झाली. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या टायराचे एकस्व घेतले होते. परंतु त्याचा प्रसार जॉन बॉइड डनलॉप याच्या १८८८ मधील टायरानंतर झाला. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी मार्गावर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा व्यवसाय सुरू झाला. मूळची ‘स्टेपनी’ म्हणजे टायरासह असलेली, आऱ्या नसलेली कडी होती व ती पंक्चर झालेल्या चाकालाच आवळून बसवीत. पुढे चाकच बदलण्याची पद्धत आली आणि ते नाव मराठीत जादा चाकासाठी रूढ झाले.

निजामाच्या संस्थानात १९३२ मध्ये रेल्वेच्या मार्गपरिवहन विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. डनलॉपचा बंगालमधील साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये निघाला. बैलगाडीलाही हवेचे टायर बसू लागले व ती ‘टायरगाडी’ झाली. मराठवाड्याची प्रवासी वाहतूक पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आली. त्याची एक मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाणा येथे आहे. कार्यशाळेत सपाट, टणक फरशी असते. रस्त्याकडेला ती नसते, हा भेद महत्त्वाचा आहे.

ट्रेलरची विशेष अडचण : ब्रिस्टलमध्ये १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी बांधलेली ‘वाँडरर’ ही घोड्यांनी ओढावयाची गाडी हौशी प्रवासी ट्रेलरांची पूर्वज मानतात. मोटारीमागचे ट्रेलर पहिल्या महायुद्धानंतर वाढले. अशा ट्रेलराचा आस पुष्कळदा पोकळ नळीचा असतो. नळीच्या मध्यावर जॅक लावल्यास ती वाकते. म्हणून अनेक उत्पादक आसाऐवजी सांगाड्याच्या ठराविक जागी जॅक लावण्यास सांगतात. शेतीच्या ट्रॉलीचा आस बहुधा भरीव व जाड असल्याने जॅक त्याखालीच, चाकाजवळ लावतात.

दोन चाकी ट्रॉलीचे एक चाक काढल्यावर तिला तीनच आधार उरतात : दुसरे चाक, पुढील जोड आणि जॅक. अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र हातब्रेक नसतो. जोड सुटलेला असेल वा ट्रॅक्टर हलला, तर ट्रॉली काही सेंटिमीटरच सरकते. पण जॅकचा तळ जमिनीवर खिळलेला असल्याने तो कलतो व निसटतो. पावसाळ्यात काळी माती भिजली, की जॅकचा तळ तीत रुततो. गळीत हंगामात भरलेली ट्रॉली रात्रीच्या वेळी रस्त्याच्या उतरत्या कडेवर उचलावी लागते, तेव्हा ही सर्व कारणे एकत्र येतात आणि खाली वाकलेल्या माणसाच्या जीवावर बेततात.

सुरक्षित पद्धती : वाहन शक्य तितक्या सपाट व टणक जागी, रहदारीपासून दूर उभे करतात, मागे इशारा-चिन्ह ठेवतात. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून ट्रॅक्टरचा हातब्रेक लावतात आणि ट्रॉलीच्या विरुद्ध बाजूच्या चाकास पुढून व मागून पाचरी देतात. भार जॅकच्या क्षमतेपेक्षा अधिक असल्यास माल आधी उतरवितात. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करतात, कारण अधांतरी चाकावर पान्याने जोर लावल्यास गाडी हलते. जॅकखाली जाड, रुंद फळी ठेवून चाक जरूर तेवढेच उचलतात. लगेच आसाखाली किंवा सांगाड्याच्या मजबूत भागाखाली लोखंडी घोडी वा भक्कम लाकडी ठोकळे देऊन भार त्यांवर उतरवितात. दगड वा विटा दाबाखाली फुटतात, म्हणून त्या वर्ज्य होत. कोणीही गाडीखाली शिरू नये. नवीन चाकाचे नट समोरासमोरील क्रमाने आवळतात व थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासतात.

जॅकची उचलण्याची शक्ती गेल्या दोन शतकांत कितीतरी वाढली. टेकूचे काम मात्र त्याच्याकडे कधीच सोपविता आलेले नाही. बैलगाडीच्या आसाखाली टेकू सरकविणाऱ्या दुसऱ्या माणसाची जागा आज लोखंडी घोडीने घेतली आहे. ती प्रत्येक ट्रॉलीबरोबर असणे हे स्टेपनी बरोबर असण्याइतकेच आवश्यक आहे.