बायॉस सेटअप

बायॉस सेटअप ही संगणकाच्या मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली सुविधा असून तिच्या साहाय्याने ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीच हार्डवेअरविषयीच्या निवडी करता येतात. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ२ (काही कंपन्यांच्या संगणकांत एफ१ वा एफ१०) ही कळ दाबल्यास ती उघडते. आजच्या संगणकांत बायॉसची जागा यूईएफआयने घेतली असली, तरी बोलण्यात जुनेच नाव रुळले आहे.

इतिहास

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये अशी सोय नव्हती. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे मदरबोर्डवरील बारीक खटके सरकवून ठरवावे लागे. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये ही माहिती घड्याळाच्या चिपमधील, बॅटरीवर टिकणाऱ्या ६४ बाइटच्या सीमॉस मेमरीत ठेवली जाऊ लागली. मात्र ती बदलण्याचा प्रोग्रॅम वेगळ्या फ्लॉपीवर मिळे. पुढे अमेरिकन मेगाट्रेंड्स, फीनिक्स, अवॉर्ड यांसारख्या कंपन्यांच्या बायॉसमध्येच तो अंतर्भूत झाला.

वापर

सेटअपचा सर्वाधिक उपयोग बूटचा क्रम बदलण्यासाठी, म्हणजे पेन ड्राइव्हवरून नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यासाठी होतो. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० आवश्यक असल्याने अनेकांना सेटअप प्रथमच उघडावा लागला. कित्येक संगणकांत ही सोय होती, केवळ बंद ठेवलेली होती.

सर्वच बदल निरुपद्रवी नसतात. साटा नियंत्रकाचा प्रकार बदलल्यास आधी बसवलेली विंडोज सुरू न होण्याचा संभव असतो; मूळ निवड पूर्ववत केल्यास ती बहुधा सुरू होते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कचे तसे नाही. टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये फेरफार झाल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते आणि ती जवळ नसल्यास डिस्कवरील माहिती हाती लागत नाही. त्यामुळे ही की आधीच अन्यत्र नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते.

बॅटरी आणि घड्याळ

डेस्कटॉप संगणकात सामान्यतः सीआर२०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. ती संपल्यास तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्रांची मुदत जुळत नसल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. बॅटरी काढल्याने जुन्या संगणकांतील पासवर्डही पुसला जाई. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या मेमरीत असल्याने पुसला जात नाही.

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स असल्यास भारतात वेळेत साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. विंडोज या घड्याळातील वेळ स्थानिक मानते, तर लिनक्स सहसा ती जागतिक प्रमाणवेळ समजते. हा बॅटरीचा दोष नव्हे. सेटअपमध्ये वेळ पुनःपुन्हा दुरुस्त करण्याऐवजी दोहोंपैकी एका सिस्टिमची पद्धत बदलावी लागते.