संशयाला शिस्त लावणारी संस्था : डेन्व्हरच्या केम्प सेंटरची वाटचाल

नोव्हेंबर १९६१. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या कोलोरॅडो जनरल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात एकाच दिवशी चार तान्ही मुलं दाखल होती. चौघांनाही घरच्यांनीच मारलं होतं. दोघं मेंदूच्या दुखापतीनं दगावली. तिसरं घरी गेलं आणि चार आठवड्यांनी अचानक, कारण न कळता गेलं. चौथं तेवढं वाचलं. पुढच्या वर्षी ही नोंद एका शोधनिबंधात छापून आली आणि तोवर डॉक्टर ज्याकडे काणाडोळा करत होते, त्याला वैद्यकशास्त्रात रीतसर जागा मिळाली.

या निबंधाचे प्रमुख लेखक डॉ. सी. हेन्री केम्प. १९२२ साली ब्रेस्लाऊ शहरात ज्यू कुटुंबात जन्मलेल्या केम्प यांना नाझी राजवटीमुळे कोवळ्या वयात जर्मनी सोडावी लागली. १९५६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते कोलोरॅडो विद्यापीठाच्या बालरोग विभागाचे प्रमुख झाले. मूळचे ते विषाणूतज्ज्ञ. देवीच्या रोगावरच्या त्यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा भाग आपल्याकडे, मद्रासमध्ये झाला. पण वॉर्डातल्या राउंडमध्ये त्यांना दुसरंच काही खटकत होतं. मुलाच्या अंगावर वळ, मांडीचं हाड मोडलेलं, आणि केसपेपरवर मात्र ‘हाडं ठिसूळ’ किंवा ‘रक्तस्रावाची प्रवृत्ती’ असली निदानं!

पुरावा नव्हता असं नाही. पॅरिसचे न्यायवैद्यकतज्ज्ञ आंब्रवाज तार्द्यू यांनी १८६० मध्येच छळ झालेल्या ३२ मुलांची माहिती प्रसिद्ध केली होती. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये मेंदूवर रक्त साकळलेल्या सहा बाळांच्या हातापायांत मिळून २३ फ्रॅक्चर दाखवून दिली होती. डोळ्यांना दिसत होतं, पण मन मानायला तयार नव्हतं. आईबाप पोटच्या पोराला असं मारतील, हे डॉक्टरांना पटत नव्हतं, आणि आईबापांना तसं विचारण्याचा धीरही होत नव्हता.

एकट्याचं काम नव्हे

केम्प यांनी १९५८ मध्ये रुग्णालयातच बालसंरक्षण पथक उभं केलं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या पथकांपैकी हे एक. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक एकत्र बसून केस पाहू लागले. रात्रीच्या ड्युटीवरच्या एकट्या डॉक्टरवर निर्णयाचं ओझं टाकायचं नाही, हे तत्त्व तिथे रुजलं. या कामातून पुढे उभ्या राहिलेल्या केम्प सेंटरची सगळ्यात मोठी देणगी मला हीच वाटते.

मग आला १९६२ चा ‘द बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ हा निबंध. केम्प आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या रुग्णालयांकडे विचारणा केली होती. ७१ रुग्णालयांनी कळवलं, की एका वर्षात अशी ३०२ मुलं आली. ३३ दगावली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. निबंधाचे एक लेखक फ्रेडरिक सिल्व्हरमन क्ष-किरणतज्ज्ञ होते. एक्स-रेत काय पाहायचं, ते निबंधात नेमकं आलं. एक फ्रॅक्चर ताजं, तर दुसरं अर्धवट जुळलेलं. बाळाचा पाय धरून हिसडला किंवा पिळला, की हाडाच्या वाढत्या टोकाचा कपचा निघतो. पलंगावरून पडून तसं सहसा होत नाही. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी दुखापत यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न या निदानाचा कणा ठरला.

परिणाम झपाट्यानं झाला. १९६७ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी कायदे केले. मुलाचा छळ झाल्याचा संशय आला, तर डॉक्टरांनी कळवायचं. आणि सद्हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण.

आईबापांकडे पाहण्याची दृष्टी

कायदा झाला, पण पुढे काय? मानसोपचारतज्ज्ञ ब्रँट स्टील यांनी अशा आईबापांशी दीर्घकाळ बोलून पाहिलं. त्यांच्यातल्या अनेकांचं स्वतःचं बालपण मार खाण्यात गेलेलं होतं. डेन्व्हरच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकलं नाही. घरी जाऊन आईला आधार देणाऱ्या, त्याच समाजातल्या साध्या स्त्रिया तयार केल्या. घरात ताण टोकाला गेला, की मूल काही काळ सुरक्षित ठेवता येईल, असं पाळणाघर उघडलं. १९७२ मध्ये या कामाला स्वतंत्र राष्ट्रीय केंद्राचं रूप आलं. तेच आजचं केम्प सेंटर. १९७४ मध्ये अमेरिकेत बालछळ प्रतिबंधाचा राष्ट्रीय कायदा झाला. १९७७ मध्ये केम्प यांच्या पुढाकारानं या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि तिचं नियतकालिक सुरू झालं. १९८४ मध्ये केम्प गेले. तोवर रिचर्ड क्रुगमन यांच्याकडे केंद्राची धुरा आलेली होती, आणि काम अखंड चालू राहिलं.

निसटलेली मुलं

ज्या शहरातून जगाला हे निदान मिळालं, तिथेही मुलं नजरेतून निसटत होती. हे शोधून काढलं ते डेन्व्हरमधल्याच डॉक्टरांनी, आणि त्यांनी ते लपवलं नाही. कॅरोल जेनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्याला मार बसलेल्या, तीन वर्षांखालच्या १७३ छळग्रस्त मुलांचे कागद तपासले. त्यांतली ५४ मुलं आधी डॉक्टरांकडे जाऊन आली होती आणि निदान हुकलं होतं. उलट्या होतात म्हणजे पोट बिघडलं, असं समजून त्यांतल्या काहींना घरी पाठवलं गेलं होतं. घरी गेल्यावर १५ जणांना पुन्हा मार बसला. पाच मुलं दगावली; वेळीच ओळखलं असतं तर त्यांतली चार वाचू शकली असती. निदान जास्त करून हुकलं होतं ते गोऱ्या, आईवडील दोघंही घरात असलेल्या कुटुंबांतल्या मुलांचं. घर बरं दिसलं, की डॉक्टरची शंका विरून जाते.

म्हणूनच तातडीच्या विभागात अंदाजावर भिस्त ठेवून चालत नाही; तिथे नियम हवा. बालरोगतज्ज्ञ मेरी क्लाइड पियर्स यांच्या गटानं २०१० मध्ये मांडलेला नियम साधा आहे. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ किंवा काळंनिळं दिसलं, तर थांबा. बाळ चार महिन्यांचं किंवा त्याहून लहान असेल, तर अंगावर कुठेही असं काही दिसलं तरी थांबा. कारण जे बाळ अजून रांगत नाही, ते स्वतःहून आपटणार कसं? २०२१ मध्ये या यादीत गाल, पापण्या, जबड्याचा कोन, वरच्या ओठाआतली नाजूक पट्टी आणि पट्ट्याचा किंवा बोटांचा ठसा उमटलेले वळ यांची भर पडली.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की खोकल्यासाठी आणलेल्या बाळाचेही सगळे कपडे उतरवायचे. कानामागे पाहायचं, ओठ उचलून पाहायचं, वजन करायचं. भाजलेल्या पायावर मोज्यासारखी सरळ रेघ दिसली, तर पाय गरम पाण्यात धरला होता का, याचा विचार करायचा. हेळसांड तर याहून अबोल असते. खंगलेलं वजन, चिघळू दिलेली जखम, दोन दिवस उशिरा आणलेलं मूल, हीच तिची खूण. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. ते मार नव्हेत. हाडांचे आणि रक्ताचे खरे आजारही असतात. निरपराध आईबापांवर बालंट येऊ नये, यासाठीही तपासणी शिस्तीनंच व्हायला हवी.

आपल्यासाठी

अमेरिकेत बालछळाचं निदान ही आता बालरोगशास्त्राची मान्यताप्राप्त उपशाखा आहे. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं बंधनकारक केलं. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन तर १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली. पण मारहाण आणि हेळसांड ओळखायची ती कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतात त्या एवढ्याच गोष्टी : भिंतीवर लावलेला एक साधा नियम, प्रत्येक मुलाला तो सारखाच लावण्याची सवय आणि शंका आली की रात्री दोन वाजताही ज्याला फोन करता येईल असा वरिष्ठ सहकारी. केम्प सेंटरच्या वाटचालीतून उचलायचं ते हेच. शंका घेणं हा आईबापांवरचा आरोप नाही, तो मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. आणि ती जबाबदारी एकट्या डॉक्टरच्या हिमतीवर सोडायची नसते, रुग्णालयानं ती स्वतःच्या खांद्यावर घ्यायची असते.