परक्या हातचे चौकोन

माझी एक भाची लग्नानंतर अमेरिकेत ओहायो राज्यात स्थायिक झाली, त्यास आता बरीच वर्षे लोटली. शिवणाची आवड तिला आजीपासूनची. गेल्या हिवाळ्यात शेजारणींच्या आग्रहावरून ती गोधडीच्या चौकोनांच्या देवघेवीत सामील झाली. एकंदर बारा जणी. प्रत्येकीने एकाच मापाचे बारा चौकोन शिवून एकीकडे धाडावयाचे, आणि तिने ते वाटून प्रत्येकीला बारा हातांचे बारा चौकोन परत करावयाचे, असा हा व्यवहार. पुडके घरी आले तेव्हा भाचीने ते मोठ्या उत्सुकतेने उघडले आणि त्याच दिवशी मला पत्र लिहिले. "मामा, एक चौकोन अर्धा इंच लहान आहे. दुसऱ्याचे कापड अगदी विरविरीत आहे. आणि तिसरा इतका सुरेख आहे की, मी काय पाठवले ते आठवून मला लाज वाटली. अशा देवघेवीत माणसाने अपेक्षा तरी कशाची धरावी?"

प्रश्न शिवणाचा खरा. परंतु मला शिवण येत नाही, म्हणून त्याचे उत्तर मला इतिहासात शोधावे लागले.

श्रोतेहो, आपल्या घरातली गोधडी क्षणभर डोळ्यांसमोर आणा. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे विटलेले सदरे असे थर अंथरावयाचे आणि धावदोऱ्याने ते एकमेकांत गुंतवीत न्यावयाचे, ही तिची रीत. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात, तीही कडेपासून आरंभ करून आत आत भरत नेतात. अशा गोधडीवर शेजारीण येऊन चार ओळी टाके घालील. पण शंभर मैलांवरच्या मैत्रिणीला आपला वाटा शिवून धाडता येणार नाही. कारण तिला सुटा असा वाटाच नसतो. ती एका जागी, एका घरच्या कापडातून वाढते.

अमेरिकेतील गोधडीही आरंभी एकसंधच असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सधन घरांतील स्त्रिया चिटाच्या मोठ्या कापडाचीच रजई करीत, किंवा त्यावरील पक्षी आणि फुले कातरून ती दुसऱ्या कापडावर शिवीत. हे चीट मूळचे आपल्याकडचे. इंग्रजीत त्याचे नावदेखील आपल्याच शब्दावरून पडले. पुढे १८२० नंतर मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, छापील सुती कापड स्वस्त झाले, आणि एक निराळीच पद्धत रूढ झाली. लहान तुकडे जोडून एक चौकोन पुरा करावयाचा, तसे वीस, पंचवीस, तीस चौकोन झाले म्हणजे ते एकमेकांस जोडावयाचे. या चौकोनाला तिकडे 'ब्लॉक' म्हणतात. मांडीवर मावणारे हे काम दिव्याजवळ बसून करता येई, प्रवासात करता येई. या गोधड्या केवळ दारिद्र्यातून, चिंध्या वाचविण्यासाठी जन्मल्या, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. पुष्कळशा गोधड्यांसाठी मुद्दाम नवे कापड विकत आणलेले आढळते.

चौकोन सुटा झाला, आणि सुटी वस्तू परक्या हातून करून घेता येते, हे स्त्रियांच्या लवकरच ध्यानी आले. १८४० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी, डेलावेअर आणि मेरिलँड या पूर्वेकडील प्रदेशांत 'मैत्रीच्या गोधड्यां'ची लाटच आली. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर पांढरे कापड ठेवून त्यावर देणाऱ्याचे नाव शाईने लिहावयाचे. या प्रथेला शाईचाही हातभार लागला. जुनी लोहयुक्त शाई कापड खाऊन टाकी. लिहिलेल्या जागी काही वर्षांत भोक पडे. कापडाला न खाणारी आणि धुण्यात न जाणारी शाई बाजारात सहज मिळू लागली तेव्हाच मैत्रिणीच्या नावाला गोधडीवर टिकून राहता आले. तशात १८४५ मध्ये तेथील सरकारने टपालाचे दर उतरविले. तीनशे मैलांच्या आत अर्ध्या औंसाच्या पत्राला पाच सेंट पुरू लागले, आणि पत्राच्या घडीत कापडाचा तुकडा घालून धाडणे सामान्य माणसाच्या आटोक्यात आले.

या गोधड्या सर्वांत आस्थेने कोणी जमविल्या असतील तर त्या डेलावेअर नदीच्या खोऱ्यातील क्वेकर पंथीयांनी. हे लोक परस्परांस 'मित्र' म्हणत, आणि महिन्यांची रूढ नावे मूर्तिपूजकांची म्हणून टाळून नुसता पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. त्यांच्या गोधडीवर तारीखही तशीच आढळते, त्यावरून ती ओळखता येते. एकेका गोधडीवर तीन-तीन पिढ्यांची नावे असतात. कित्येकदा टाका न घातलेल्या पुरुषांची, क्वचित दिवंगत मुलांचीही. पण नाव आहे म्हणजे ती सही त्याच हातची आहे असे मात्र समजू नये. अक्षर सुंदर असलेली एखादी बाई सर्वांची नावे लिहून देई. जाणकार माणसे आज एका गोधडीवर चाळीस नावे आणि दोन-तीनच हस्ताक्षरे असल्याचे दाखवून देतात. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या स्नेहाच्या वस्त्राचा कापूस बहुतांशी दक्षिणेकडील गुलामांनी वेचलेला असे. फिलाडेल्फियाच्या काही क्वेकरांना हे इतके बोचले की, गुलामांच्या श्रमाचा कापूस वापरावयाचा नाही म्हणून १८४५ मध्ये त्यांनी संस्था काढली. पण तसे कापड मिळणे कठीण आणि मिळाले तरी निवडीला वाव थोडा.

स्नेहाच्या या व्यवहाराला निकड होती ती वियोगाची. याच दशकात ऑरेगॉनकडे बैलगाड्यांचे तांडे निघू लागले होते. जो पश्चिमेस गेला तो पुन्हा भेटेल याची शाश्वती नसे. अशा वेळी निघणाऱ्या कुटुंबाला गावातील बायका गोधडी देत, तेव्हा चौकोनाचे माप कोणी काटेकोरपणे पाहिले नसेल, असे आपणांस वाटेल. पाहत होत्या. परंतु लहान पडलेला चौकोन त्या टाकून देत नसत. जुन्या गोधड्यांत आखूड चौकोनाला एका बाजूने पट्टी लावून तो भरून काढलेला दिसतो. मोठा चौकोन असेल तर कडेची पाकळी शिवणीत गेलेली दिसते. शिवणकलेच्या दृष्टीने हा दोष होय. पण नाव लिहिलेला चौकोन वगळावयाचा म्हणजे ते माणूस वगळावयाचे, असा तो प्रसंग होता.

मात्र सगळा व्यवहार असा निर्मळ नव्हता. बाल्टिमोर शहरात १८४६ ते १८५२ च्या सुमारास ज्या गोधड्या झाल्या त्या या कलेतील सर्वांत श्रीमंत मानल्या जातात. फुलांच्या परड्या, पुष्पमाला, आगबोटी, शहरातील स्मारके असे काय काय त्यांवर कातरून शिवलेले आहे. त्यांतील काही चौकोन इतके एकसारखे आहेत की, ते कोणा कुशल हातांनी आखून, तयार करून विकले असावेत, असे अभ्यासकांना वाटते. विकत घेतलेल्या चौकोनावर स्वतःचे नाव! भाचीला तिसरा चौकोन पाहून लाज वाटली. ती लाज बाल्टिमोरच्या बायकांनाही वाटली असेल आणि त्यांनी तिच्यावर पैशाने उपाय काढला असेल, असा माझा आपला तर्क आहे.

आतापर्यंत चौकोन हिंडत होता. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नुसते कापडच हिंडू लागले. 'चार्म' नावाची एक गोधडी निघाली. तिचा नियम असा की, शेकडो तुकडे असावेत, सर्व एकाच आकाराचे असावेत, पण कोणतेही दोन तुकडे एका कापडाचे नसावेत. एका घरात इतकी निरनिराळी कापडे कोठून असणार? तेव्हा मावशीकडे मागा, शाळेतल्या मैत्रिणीकडे मागा, दुकानदाराकडून नमुन्याचे तुकडे आणा, एक द्या आणि एक घ्या, असा सपाटा सुरू झाला. आज पाच इंची तुकड्यांच्या देवघेवीला 'चार्म'चेच नाव आहे. १८८९ मध्ये सेंट लुई येथील लेडीज आर्ट कंपनीने नमुन्यांचे सूचिपत्र काढले. १ जानेवारी १९१३ पासून पार्सलची टपालसेवा सुरू झाली. आणि १९२८ पासून १९६१ पर्यंत 'कॅन्सस सिटी स्टार' हे वृत्तपत्र गोधडीचे नमुने छापीत राहिले. त्यांतील कित्येक वाचक स्त्रियांनीच पाठविलेले होते. रोजच्या बातम्यांच्या कागदावरून शेतकऱ्याच्या घरी नमुना येई आणि कात्रीने कापून डब्यात जाई. वृत्तपत्राचा असा उपयोग संपादकांना मानवत असो वा नसो, तो टिकाऊ होता हे खरे.

सर्वांत मनोरंजक देवघेव मात्र पोत्यांची. १९२५ च्या सुमारास सेंट लुईच्या एका पिठाच्या गिरणीने रंगीत चौकड्यांच्या कापडाची पोती काढली. पुढे मंदीच्या काळात कोंबड्यांचे खाद्य, साखर, पीठ यांची पोती फुलाफुलांच्या छापाची येऊ लागली. त्यांवरचा मजकूर धुऊन निघणाऱ्या शाईचा किंवा नुसत्या चिकटवलेल्या कागदाचा असे. शंभर पौंडांचे पोते उसवले म्हणजे वारभराहून थोडे अधिक कापड हाती येई. मोठ्या बाईच्या झग्याला तीन पोती लागत. तिन्ही एकाच छापाची हवीत! म्हणून नवऱ्याला दुकानात पाठविताना बायको हातात नमुना देई, आणि तो बिचारा ढिगाच्या तळचे पोते काढावयास लावी. त्यातूनही जुळले नाही तर शेजारणीशी बदली. पोत्यांच्या या अदलाबदलीत उरलेले तुकडे गोधडीत गेले, आणि त्या काळच्या गोधड्यांत एकाच गावच्या अनेक घरांचे छाप सापडतात. पुढे कागदी पिशव्या आल्या आणि १९५० च्या दशकाअखेर ही पोती बहुतेक नाहीशी झाली.

त्यानंतर ही आवड ओसरली, पण विझली नाही. बायका आळीपाळीने फिरणारी पत्रे लिहीत आणि त्यांत नमुने व तुकडे घालून पुढे धाडीत. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगून दाखविल्या, १९७६ मध्ये त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी झाली, आणि गावोगावी गोधडी शिवणाऱ्यांची मंडळे निघाली. १९७९ मध्ये गोल पात्याचे, चाकासारखे फिरणारे कापडकातर यंत्र बाजारात आले आणि कापण्यातील चूक पुष्कळ कमी झाली. भाची ज्यात सामील झाली ती देवघेव या मंडळांची.

तिचे नियम पाहिले म्हणजे प्रत्येक नियमामागे कोणा ना कोणाची तक्रार उभी दिसते. कापड शुद्ध सुती असावे, कारण कृत्रिम धाग्याचे कापड इस्तरीखाली वेगळे वागते. ते आधी धुतलेले असावे की कोरे, हे ठरवून घ्यावे, कारण धुतल्यावर एक आटते आणि दुसरे आटत नाही. लाल रंग तर शेजाऱ्यावर उतरतो. घरात धूम्रपान असेल तर तसे आधी कळवावे, कारण वास कापडात राहतो. मुदत पाळावी, कारण एकीच्या विलंबाने अकरा जणी खोळंबतात. आणि चौकोन साडेबारा इंचांचा असावा, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जाऊन बारा इंच उरेल.

या पाव इंचाला आपले शिंपी 'माया' म्हणतात. भाचीचा अर्धा इंच या मायेतच हरवला होता. हिशेब सोपा आहे. ओळीत पाच तुकडे असतील तर आत चार शिवणी येतात. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंचे कापड घेते. टाका इंचाचा सोळावा हिस्सा आत पडला तर एका शिवणीत इंचाचा अष्टमांश गेला, आणि चार शिवणींत अर्धा इंच. शिवणारीने कापताना चूक केली नव्हती, मोजतानाही केली नव्हती. प्रत्येक टाक्याला तिने केसभर अधिक माया धरली होती, इतकेच.

मी भाचीला कळविले की, त्या चौकोनाला चारी बाजूंनी एकेक अरुंद पट्टी लावून तो मापात आणावा, विरविरीत कापडाखाली पातळ अस्तर द्यावे, आणि सुरेख चौकोनाच्या बाईला पत्र लिहून तिची रीत विचारावी. शेवटी हेही विचारले की, स्वतः पाठविलेले चौकोन तिने धाडण्यापूर्वी मोजले होते काय.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. पट्ट्या लावल्या आहेत, निळ्या रंगाच्या. बाराव्या चौकोनासाठी तिने स्वतःचाच एक ठेवून घेतला होता, तो मोजून पाहिला. तो सव्वाबारा भरला.