कंपवात आणि खाजकुइली

कंपवाताचा इतिहास १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने लिहिलेल्या निबंधापासून सांगण्याची प्रथा आहे. पुण्यालगतच्या सह्याद्रीत अंगाला खाज आणणाऱ्या खाजकुइलीला त्या कथनात सहसा स्थान नसते. वस्तुतः तिच्या बियांतील एल-डोपा हे द्रव्य मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळे केले होते. मात्र ते कशाचे उत्तर आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असते, हे १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाले आणि मग त्या द्रव्याला अर्थ आला.

१९७८ साली मुंबईत अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी या वनस्पतीने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ बाला मन्यम यांनी १९९० साली आयुर्वेदीय ग्रंथांतील कंपवाताचा मागोवा घेतला. १९९५ साली साठ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्षही आले.

‘आमच्याकडे सारे होतेच’ हा अभिमान आणि ‘काहीच नव्हते’ ही तुच्छता, दोन्ही या इतिहासापुढे टिकत नाहीत. लक्षणांची जाण होती, बीही होते. दोहोंना जोडणारे कारण मात्र प्रयोगशाळेतच सापडले.