टोपलीखालचे दोघे

बास्केटबॉलच्या संघात दोन ताडमाड माणसे एकाच वेळी मैदानात उतरवावीत की नाही, या प्रश्नावर अमेरिकेतले प्रेक्षक पाऊणशे वर्षे भांडत आले आहेत. एक बाजू म्हणते, दोघेही आत असले की हुकलेला प्रत्येक चेंडू आपला आणि प्रतिस्पर्ध्याला टोपलीकडे शिरायला वाट नाही. दुसरी बाजू म्हणते, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघे एकमेकांच्या वाटेत येतात, मागे धावताना दमतात आणि लांबून नेम धरणारे खेळाडू मोकळे सुटतात. दोन्ही बाजूंकडे दाखवायला विजय आहेत आणि लपवायला पराभवही. या जोड्यांचा इतिहास ओळीने पाहिला की मात्र एक गोष्ट स्पष्ट होते. जोडी जमली की फसली, हे उंचीवरून क्वचितच ठरले. टोपलीजवळची जागा दोघांपैकी कोण सोडणार, यावरून ते ठरत गेले.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा टोपली जमिनीपासून दहा फुटांवर लावली होती. ती उंची आजवर बदललेली नाही. तरीही पहिली काही दशके उंच माणूस म्हणजे बोजड माणूस असाच समज होता. तो मोडला मिनिआपोलिस लेकर्सच्या जॉर्ज मायकनने. ६ फूट १० इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावून टोपलीखाली खेळणारा हा सेंटर इतका भारी होता, की डिसेंबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरच्या पाटीवर त्याच्या संघाचे नावच लिहिले गेले नाही. ‘जिओ मायकन विरुद्ध निक्स’ एवढाच मजकूर त्या पाटीवर होता.

त्याच वर्षी लेकर्सकडे व्हर्न मिकेलसन आला. उंची ६ फूट ७ इंच, आणि महाविद्यालयात तोही सेंटरच. प्रशिक्षक जॉन कुंडला यांनी साहजिकच दोघांना टोपलीखाली उभे करून पाहिले. झाले उलटेच. दोघांना अडवणारे दोघेही तिथेच जमले आणि त्या इवल्याशा जागेत मायकनला वळायलाही वाव राहिला नाही. कुंडला यांनी मग मिकेलसनला बाहेर काढले, टोपलीकडे तोंड करून खेळायला लावले आणि कष्टाची कामे त्याच्याकडे सोपवली: हुकलेले चेंडू गोळा करायचे आणि समोरच्या संघातल्या दांडग्या फॉरवर्डला रोखायचे. टोपलीकडे पाठ करून वाढलेल्या खेळाडूला सगळे नव्याने शिकावे लागले. तो शिकला. मायकन, मिकेलसन आणि जिम पोलार्ड या तिघांच्या बळावर लेकर्सने १९५०, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी चार विजेतेपदे मिळवली. आज ज्या जागेला पॉवर फॉरवर्ड म्हणतात, तिचा पहिला मानकरी मिकेलसनच समजला जातो. त्या कामाची किंमतही त्याने मोजली. फाउलची मर्यादा ओलांडून सामन्याबाहेर जाण्याची पाळी त्याच्यावर १२७ वेळा आली, आणि तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. १९५९ मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळायला १९९५ उजाडले.

मायकनच्या धास्तीने १९५१ मध्ये टोपलीसमोरची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आली. हल्ला करणाऱ्या खेळाडूला या पट्टीत तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून ती रुंदावली की उंच माणूस आपोआप टोपलीपासून दूर ढकलला जातो. १९६४ मध्ये ती सोळा फुटांची झाली. या वेळी कारण होता विल्ट चेंबरलेन.

चेंबरलेन ७ फूट १ इंचाचा. १९६१-६२ च्या हंगामात त्याने सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी राखली होती. अशा माणसाच्या संघात, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्समध्ये, १९६३ साली ६ फूट ११ इंचांचा नेट थर्मंड दाखल झाला. चेंबरलेन जागा सोडण्याचा प्रश्नच नव्हता. नवख्या थर्मंडला फॉरवर्ड व्हावे लागले. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि बोस्टनकडून ४-१ असा हरला. पुढच्या हंगामात घडी पार विस्कटली आणि जानेवारी १९६५ मध्ये वॉरियर्सने चेंबरलेनला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्यानंतर सेंटरच्या जागेवर थर्मंड असा बहरला, की १९६७ मध्ये त्याने वॉरियर्सला पुन्हा अंतिम फेरीत नेले. समोर फिलाडेल्फिया होते आणि त्यांच्या टोपलीखाली चेंबरलेन. मालिका फिलाडेल्फियाने ४-२ अशी जिंकली, पण एका संघात न मावलेले दोघे दोन संघांत किती मोठे ठरतात, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

या वादाची राजधानी मात्र न्यूयॉर्कच. निक्स संघाचा विलिस रीड १९६५ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही सेंटर म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस संघाने ६ फूट ११ इंचांचा वॉल्ट बेलामी आणला आणि रीडला फॉरवर्डच्या जागेवर सरकवले. रीड तक्रार न करता खेळत राहिला, पण त्याची ताकद होती टोपलीखाली, आणि तिथे बेलामी उभा. तीन वर्षे हा संसार ओढूनताणून चालला. १९ डिसेंबर १९६८ रोजी निक्सने बेलामीला डेट्रॉइटला धाडले आणि त्या बदल्यात डेव्ह डीबुशर हा ६ फूट ६ इंचांचा फॉरवर्ड घेतला. उंचीत पाच इंचांचा घाटा पत्करला होता. त्या दिवसापर्यंत निक्सचे १८ विजय आणि १७ पराभव झाले होते; त्यानंतरच्या ४७ सामन्यांत त्यांनी ३६ जिंकले. रीड सेंटरवर परतला, १९७० चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि निक्सने १९७० व १९७३ ची विजेतेपदे पटकावली. दोन उंच माणसांच्या विरोधात बोलणाऱ्याला याहून चांगला दाखला सापडत नाही.

मग ह्यूस्टनचे काय? वादळासारखी तिथली जोडी आली आणि गेली. ह्यूस्टन रॉकेट्सने नवोदित खेळाडूंच्या १९८३ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर ७ फूट ४ इंचांचा राल्फ सॅम्पसन घेतला. पुढच्या वर्षी नाणेफेक जिंकून पहिला क्रमांक पुन्हा मिळवला आणि हकीम ओलाजुवॉन घेतला: नायजेरियातल्या लागोसचा, हँडबॉल आणि फुटबॉल खेळत मोठा झालेला, सात फुटांचा. उंचीचा मोह तेव्हा किती होता, हे त्या वर्षीच्या यादीवरूनच कळते. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवी हा आणखी एक सेंटर घेतला, आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला आला.

सॅम्पसन आणि ओलाजुवॉन यांना ‘ट्विन टॉवर्स’ हे नाव मिळाले. पहिल्याच हंगामात दोघांनीही सामन्यामागे वीसहून जास्त गुण आणि दहाहून जास्त रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, मिळवले, आणि संघाचे विजय २९ वरून ४८ वर गेले. ही जोडी जमली, कारण जास्त उंच असलेल्या सॅम्पसनने जागा सोडली. तो चेंडू टप्पे देत नेऊ शकत होता, पंधरा फुटांवरून नेम धरू शकत होता आणि त्याला तसे खेळायला आवडतही होते. आतला आखाडा ओलाजुवॉनचा राहिला. १९८६ मध्ये त्यांनी पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बार यांच्या लेकर्सना ४-१ असे लोळवले. २१ मे रोजीच्या पाचव्या सामन्यात मारामारीमुळे ओलाजुवॉनला बाहेर काढले गेले होते आणि एकच सेकंद उरला होता. सॅम्पसनने हवेतच वळून चेंडू टोपलीकडे ढकलला आणि ह्यूस्टन ११४-११२ असे जिंकले. अंतिम फेरीत गाठ पडली ती बोस्टनशी. तिथे लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश अशी तिघांची भिंत होती आणि चौथा बिल वॉल्टन बाकावर बसलेला. बोस्टनने ४-२ अशी बाजी मारली.

वाटले होते, हा तर आरंभ आहे. पण सॅम्पसनचे गुडघे गेले आणि डिसेंबर १९८७ मध्ये तो गोल्डन स्टेटला गेला. ह्यूस्टनला विजेतेपदे मिळाली ती १९९४ आणि १९९५ मध्ये, टोपलीखाली एकटा ओलाजुवॉन आणि भोवती नेमबाज अशा रचनेने. त्यामुळे या एकाच शहरात वादाच्या दोन्ही बाजूंना आधार सापडतो.

ह्यूस्टनची ट्विन टॉवर्स जोडी बहरात असतानाच निक्सने तिची नक्कल करून पाहिली. १९८५ मध्ये पॅट्रिक युइंग आला, सात फुटांचा. संघात ७ फूट १ इंचाचा बिल कार्टराइट आधीच होता. कार्टराइट पायाच्या दुखापतीतून सावरून परतला तेव्हा दोघांना एकत्र खेळवण्याचा प्रयोग झाला. दोघेही हाडाचे सेंटर, बाहेर कोणीच रमेना. १९८६-८७ च्या हंगामात पहिल्या १६ पैकी १२ सामने गमावल्यावर प्रशिक्षक ह्यूबी ब्राउन यांना जावे लागले. १९८७ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे दिवसरात्र फक्त खेळांविषयी बोलणारे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि घराघरांतल्या अशा वादांना जाहीर व्यासपीठ मिळाले. १९८८ मध्ये निक्सने कार्टराइटला शिकागोला दिले आणि चार्ल्स ओकली हा दणकट फॉरवर्ड घेतला. शिकागोने कार्टराइटला सेंटरवर ठेवून १९९१ ते १९९३ सलग तीन विजेतेपदे जिंकली. युइंग आणि ओकली यांच्या निक्सने १९९४ ची अंतिम फेरी गाठली आणि सातव्या सामन्यात ओलाजुवॉनच्या ह्यूस्टनपुढे हार मानली. जोडी मोडल्याने दोन्ही संघांचे भले झाले.

सगळ्यात सुरेख जोडी जमली ती सॅन अँटोनियोत. अमेरिकन नौदलाच्या अकादमीतून आलेला डेव्हिड रॉबिन्सन १९९५ चा सर्वोत्तम खेळाडू होता. १९९४ मध्ये एका सामन्यात त्याने ७१ गुण केले होते. १९९६-९७ मध्ये तो जायबंदी झाला, संघाला ८२ पैकी फक्त २० सामने जिंकता आले आणि त्या दुर्दशेतून १९९७ मध्ये निवडीचा पहिला क्रमांक हाती लागला. त्यावर टिम डंकन आला. इथे जागा सोडली ती वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्या रॉबिन्सनने. १९९७-९८ मध्ये त्याची सरासरी २१.६ गुणांची होती, पुढच्या हंगामात ती १५.८ वर उतरली. त्याने बचाव आणि रिबाउंड अंगावर घेतले आणि हल्ल्याची सूत्रे पोराच्या हाती दिली. १९९९ च्या बाद फेरीत संघाने १७ पैकी १५ सामने जिंकून पहिले विजेतेपद मिळवले. २००३ मध्ये रॉबिन्सन कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळला, तोही विजेतेपदाचा, आणि त्यात त्याने १७ रिबाउंड मिळवले. आपणहून मागे सरण्याचा इतका मोठा दाखला या खेळात दुसरा नाही.

याच सुमारास नियमच फिरले. २००१ पर्यंत एनबीएत, म्हणजे या सगळ्या संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये, बचाव करणाऱ्याने आपापल्या माणसाला धरून राहावे लागे. नुसती मोकळी जागा राखत उभे राहणे नियमबाह्य होते. ते बंधन उठल्यावर लांबून नेम न साधणाऱ्या उंच माणसाला खुशाल मोकळे सोडून बचावपटू टोपलीखाली गर्दी करू लागले. तीन गुणांची रेषा १९७९ पासून होतीच, आता तिचे मोल दुणावले. २०१५ च्या अंतिम फेरीत २-१ असे मागे पडल्यावर गोल्डन स्टेटने सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळले आणि ६ फूट ६ इंचांच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटर केले. पुढचे तिन्ही सामने त्यांनी जिंकले. दोन उंच माणसांचा जमाना संपला, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जाऊ लागले.

ते खरे ठरले नाही. २०२२ मध्ये मिनेसोटाने कार्ल-अँथनी टाउन्सच्या जोडीला ७ फूट १ इंचाचा रुडी गोबेअर आणला, तेव्हा पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी देऊन केलेला हा सौदा हास्यास्पद ठरवला गेला. पण सात फुटांचा टाउन्स लांबवर नेम धरणारा होता. त्याच वर्षी त्याने तीन गुणांच्या फेकीची स्पर्धा जिंकली होती. बाहेर जाणारा माणूस या जोडीत होता. २०२३-२४ मध्ये संघाने ५६ सामने जिंकले आणि गतविजेत्या डेन्व्हरला सातव्या सामन्यात वीस गुणांची पिछाडी भरून काढत घरी पाठवले. डेन्व्हरच्या निकोला योकिचला टाउन्सने अंगावर घेतले आणि गोबेअर मागे टोपली राखत राहिला. त्यानंतर टाउन्स न्यूयॉर्कला गेला आणि निक्सच्या चाहत्यांचा वाद पुन्हा पेटला: टाउन्स आणि संघातला सेंटर मिचेल रॉबिन्सन यांना एकत्र खेळवावे का? २०२५ च्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत दोन सामने गमावल्यावर तिसऱ्या सामन्यात ते दोघे सुरुवातीपासून उतरले. तो सामना निक्सने जिंकला, मालिका मात्र इंडियानाने नेली.

चाहत्यांच्या या भांडणात दोन्ही बाजू उंची मोजत राहतात आणि इथेच त्यांचे चुकते. मिकेलसन, सॅम्पसन, डेव्हिड रॉबिन्सन आणि टाउन्स यांनी आपली ठरलेली जागा किंवा सवयीचे काम सोडले, म्हणून त्यांच्या जोड्या जमल्या. युइंग आणि कार्टराइट दोघेही आतच रमणारे होते, म्हणून फसले. नियम काहीही असोत, हा निकष आजही लागू पडतो. २०२५ च्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीने बुटका संघ उतरवण्यासाठी सात फुटी आयझाया हार्टेनस्टाइनला सुरुवातीच्या पाचांतून काढले होते. २-१ असे मागे पडल्यावर प्रशिक्षक मार्क डेग्नो यांनी चौथ्या सामन्यात त्याला लांबून नेम धरणाऱ्या ७ फूट १ इंचाच्या चेट होल्मग्रेनच्या जोडीला परत उभे केले. तो सामना ओक्लाहोमा सिटीने १११-१०४ असा जिंकला, आणि २२ जून रोजी सातवा सामना जिंकून विजेतेपदही.