दिल्लीची पलभा

बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करून विषुवदिनी, म्हणजे 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरच्या सुमारास, मध्यान्ही त्याची सावली मोजली की मिळते ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळे, उज्जैनची पाचाहून थोडी अधिक, तर दिल्लीच्या दक्षिण भागातल्या मुनिरक्याची साडेसहा. उत्तरेकडे सरकावे तशी ती वाढते, कारण पृथ्वी गोल आहे. तिला बाराने भागले की अक्षांशाचे स्पर्शगुणोत्तर हाती येते. बारा इंचांची पट्टी घेऊन हा प्रयोग मुनिरक्यातल्या कोणत्याही गच्चीवर होतो. फक्त मार्चमध्ये तिथे खरी मध्यान्ह घड्याळात सुमारे 12 वाजून 28 मिनिटांनी होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

पृथ्वीचे हे गणित दिल्लीत मोठ्या प्रमाणावर मांडले गेले ते जंतरमंतरमध्ये. मुनिरक्यापासून सरळ रेषेत सुमारे नऊ किलोमीटरवर असलेली ही वेधशाळा सवाई जयसिंह यांनी 1724 मध्ये उभारली. तिथल्या जुन्या फलकावर 1710 असे साल आहे, ते चुकीचे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून वेध चुकतात, असा जयसिंहांचा अनुभव होता. त्यांनी ती बाजूला सारली आणि दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. पुढे जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही वेधशाळा झाल्या. या शास्त्राची आवड असलेल्या कोणालाही हवे तेव्हा ताऱ्यांचे वेध घेता यावेत, हा त्यामागचा हेतू जयसिंहांनी आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. अठराव्या शतकातल्या एका राजाने हे लिहावे, ही फार मोठी गोष्ट आहे.

सम्राट यंत्र म्हणजे सुमारे 21 मीटर उंचीची त्रिकोणी भिंत. तिची तिरपी कड क्षितिजाशी 28 अंश 37 कलांचा कोन करते. हेच त्या जागेचे अक्षांश असल्याने ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. तेच यंत्र मुनिरक्यात बांधायचे तर उतार चार कलांनी कमी ठेवावा लागेल. एक कला म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे 1.85 किलोमीटर. भिंतीच्या दोन्ही अंगांना 15 मीटर त्रिज्येचे चतुर्थांश आहेत. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून त्यांच्यावर सावली तासाला जवळजवळ चार मीटर, मिनिटाला साडेसहा सेंटीमीटर सरकते. थोडा वेळ उभे राहिले तरी ती चालताना दिसते.

पण सावलीची कड रेखीव नसते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने इतक्या अंतरावर गडद छाया आणि ऊन यांच्यामध्ये सुमारे 14 सेंटीमीटरचा फिकट पट्टा पडतो, म्हणजे दोन मिनिटांची शंका. त्यावर उपाय साधा आहे. चतुर्थांशाच्या पृष्ठभागाजवळ दोरा ताणून धरायचा. त्याची स्वतःची सावली जिथे दिसेनाशी होते तिथे गडद छाया सुरू होते. मग अर्ध्या सूर्यबिंबाची दुरुस्ती करायची. यंत्र कितीही भव्य असले तरी अचूकता येते ती अशा हातोटीतून.

या कामात जयसिंहांचा मोठा आधार होते ते परंपरेने महाराष्ट्रीय मानले जाणारे पंडित जगन्नाथ सम्राट. नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी पाठावरून त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात ‘रेखागणित’ म्हणून आणली, आणि टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राटसिद्धान्त’ या रूपात. ‘रेखागणित’ 1901-02 मध्ये मुंबईत छापले गेले. उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 मध्ये माधवराव शिंदे यांनी केला. तिथल्या कामाची धुरा गोविंद सदाशिव आपटे यांनी वाहिली. दिल्ली आणि उज्जैन यांच्या अक्षांशांत सुमारे 5 अंश 26 कलांचा फरक आहे आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे 600 किलोमीटर. एवढ्यावरून त्रैराशिकाने पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटरच्या आसपास निघतो.

स्वातंत्र्यानंतर ही हाताने करून पाहण्याची परंपरा शाळांकडे आली. मुनिरक्याजवळच श्री अरविंद मार्गावर असलेली एनसीईआरटी 1971 पासून मुलांची राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शने भरवत आली; पुढे त्यांच्या नावात गणित आणि पर्यावरण हे शब्दही आले. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र 1985 मध्ये आणि दिल्लीचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र 1992 मध्ये सुरू झाले.

2013 हे ‘पृथ्वी ग्रहाचे गणित’ या विषयाचे वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या वर्षी मार्चमध्ये पॅरिसला युनेस्कोच्या मुख्यालयात याच विषयाचे खुले प्रदर्शन सुरू झाले. त्यासाठीच्या स्पर्धेत पहिले आले ते दानिएल रामोस यांचे ‘पृथ्वीचा गोल’. गोलावरची सारख्या मापाची वर्तुळे सपाट नकाशावर कशी फुगतात किंवा लांबट होतात, हे त्यात पाहणाऱ्याला स्वतः तपासता येते. मर्केटरच्या नकाशात भारतापेक्षा कितीतरी मोठे भासणारे ग्रीनलंड प्रत्यक्षात भारताच्या दोन-तृतीयांश आहे, हे एकदा असे पाहिले की विसरत नाही. दुसरा क्रमांक ज्वालामुखीच्या राखेचा ढग कसा पसरतो हे दाखवणाऱ्या कार्यक्रमाला मिळाला, तर तिसरा हिमनद्यांच्या भवितव्यावरच्या चित्रफितीला. यातली साधने मुक्त परवान्याखाली दिली असल्याने कोणत्याही शाळेला ती घेऊन स्वतःचे प्रदर्शन मांडता येते.

जंतरमंतरमधल्या यंत्रांवरच्या कितीतरी खुणा मात्र आज झिजल्या आहेत, आणि भोवतीच्या उंच इमारतींनी क्षितिज अडवले आहे. इमारती हटणार नाहीत; खुणा पुन्हा कोरता येतात, आणि त्या कोरायलाच हव्यात.