वीरपत्नी आणि उपजीविका

रणांगणी पडलेल्या सैनिकाच्या विधवेचा, म्हणजे वीरपत्नीचा, प्रश्न केवळ निवृत्तिवेतनाने सुटत नाही, तिला स्वतःच्या कमाईचे साधनही लागते, ही जाणीव १९७१ च्या युद्धानंतर बळावली आणि १९७२ मध्ये मोहिनी गिरी यांनी युद्धविधवांची संघटना स्थापन केली. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धानंतर शासनाने हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना पेट्रोलपंप व गॅस एजन्सी दिल्या. मात्र एजन्सी विधवेच्या नावावर असली तरी व्यवहार तिच्याच हाती राहील याची हमी त्या कागदाने मिळत नव्हती. शौर्यपदकासोबतचा भत्ता तर, विधवेने पुनर्विवाह केल्यास तो दिराशी झाला तरच चालू राही, आणि ही अट (विधवा ही सासरचीच मालमत्ता, असा तिचा उघड अर्थ) २०१७ मध्ये रद्द झाली.